दीक्षितपुऱ्यातला दुसरा वाचक

सोमवार, दीक्षितपुरा

नाशिकच्या एका दैनिकात मी एकतीस वर्षं बातम्या संपादित केल्या. दर पावसाळ्यानंतर हिवतापाच्या बातम्या यायच्या. त्यांचे मथळे मी केले, आकडे तपासले, गावांची नावं दुरुस्त केली. पण ज्या परजीवीमुळे हा ताप येतो तो मी कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर एकदा हे शेजारच्या मंदाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जबलपूरला आमच्या दादाकडे जा. त्याने आयुष्यभर दुसरं काही पाहिलंच नाही."

दादा म्हणजे मनोहर वानखडे. वय बहात्तर. त्यांचे वडील अमरावतीकडून नोकरीसाठी जबलपूरला आले आणि तिथेच राहिले. मनोहरकाकांनी सरकारी मलेरिया विभागात रक्ताच्या स्लाइड तपासण्यात सारी नोकरी काढली. ऑक्टोबरच्या एका सोमवारी दुपारी मी त्यांच्या दारात उभी होते. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर ऑटोवाल्याला मागे जावं लागतं. आमचा ऑटो दोनदा मागे गेला.

"काहून उभ्या आहा? या ना आत," काका म्हणाले. मी बसले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "प्रवासात ताप-गिप नाही ना आला?"

"नाही."

"अच्छा. चलो, मग चहा घ्या."

त्यांची सून ज्योती चहा घेऊन आली. ती मूळची कटनीची, घरात हिंदी बोलत वाढलेली. लग्नानंतर सासऱ्यांकडून मराठी शिकली आणि स्लाइड वाचायलाही. ती हसत म्हणाली, "ताप आहे बोलल्या असत्या ना दीदी, तर पहिले सुई, मग चहा. इथे असंच आहे. माझा भाऊ राखीला आला होता बिचारा. मिठाई राहिली बाजूला, यांनी बोट टोचलं त्याचं."

"पॉझिटिव्ह निघाला का नाही?" काकांनी विचारलं.

"निघाला ना बाबा."

"मग!"

बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर उशीच्या जुन्या अभ्र्याखाली सूक्ष्मदर्शक झाकलेला. शेजारी दहा चिंचोके असलेली वाटी. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत ठेवलेले. मी त्याचं कारण विचारलं.

"मुंग्या," काका म्हणाले. "रक्ताचा थेंब वाळत ठेवला की खाऊन टाकतात. मंडला जिल्ह्यातल्या कँपात एकदा पूर्ण गावाच्या स्लाइड चाटून साफ केल्या त्यांनी. सकाळी पाहून राहिलो तर काचा कोऱ्या. साहेबाने मला विचारलं, गाव निगेटिव्ह आहे का? म्हटलं, गावाचं नाही सांगत साहेब, मुंग्या पॉझिटिव्ह असतील."

नाशिकला पाहुण्याला पहिल्या दिवशी साखरभात किंवा शिरा होतो. इथे गक्कड-भरता होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याचं भरीत. काकांना मात्र त्याबरोबर वाटीभर झुणका लागतो. ज्योती रोज दोन्ही करते. तिचा नवरा रेल्वेत इटारसीला असतो आणि शनिवारी येतो. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली.

जेवताना मला कामाची पद्धत समजली. कांचघर भागात एक धर्मादाय दवाखाना आहे. ज्योती तिथे तंत्रज्ञ आहे. तापाच्या प्रत्येक रोग्याची स्लाइड ती वाचते आणि निकाल दवाखान्यातल्या नोंदवहीत लिहिते. मग त्या स्लाइड निकालाशिवाय घरी येतात आणि काका त्या दुसऱ्यांदा वाचतात. त्यांचा कागद बंद पाकिटातून डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर दोन्ही ताडून पाहतात. एका माणसाची नजर चुकते म्हणून दोन माणसं. काका यासाठी काही घेत नाहीत.

एक अडचण होती आणि तीही जेवतानाच समजली. काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि डाव्यात वाढतो आहे. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच ऑपरेशन बिघडलं होतं, तेव्हापासून ते टाळत आहेत. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी अट घातली होती. दोघांचे निकाल जुळतात तोवर काकांनी वाचावं. ज्या दिवशी जुळणार नाहीत त्या दिवशी सूक्ष्मदर्शक बंद आणि आधी डोळा.

"दीड वर्ष झालं," काका म्हणाले. "एक पण स्लाइड अशी नाही की तिचं वेगळं आणि माझं वेगळं."

"नाहीच ना," ज्योती म्हणाली आणि गक्कड वाढायला वळली.

मंगळवार, कांचघर

सकाळी ज्योतीच्या स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात गेले. वाटेत तिने पोहे-जलेबी खायला घातली. पोह्यांवर शेव आणि बाजूला गरम जलेबी. गोड आणि तिखट एका घासात खायचं. मी ते आधी वेगवेगळं खाल्लं, तेव्हा गाडीवाल्याने ज्योतीला विचारलं, "मैडम बाहर की हैं क्या?"

दवाखान्यात दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीत वीसेक माणसं. ज्योतीचं काम मी जवळून पाहिलं. डाव्या हाताचं बोट, कापसाने पुसायचं, सुई, पहिला थेंब पुसून टाकायचा. एक थेंब जाड पसरायचा, एक पातळ. नंबर पातळ थराच्या कडेला पेन्सिलीने. दुसरा एक थेंब तपासणीच्या कार्डावर. कार्ड वीस मिनिटांत सांगतं. पण रक्तात परजीवी फार थोडे असतील तर कार्डाला ते कळत नाहीत. तेव्हा स्लाइडच खरी.

नवव्या क्रमांकावर रुक्मणी होती. वय एकोणीस-वीस, मंडला जिल्ह्यातल्या गावची. कांचघरच्या मागे सलवार-सूट शिवण्याचा कारखाना आहे, तिथे मशीनवर बसते. दहा दिवसांपूर्वीही ती येऊन गेली होती. तेव्हा कार्ड निगेटिव्ह, स्लाइड निगेटिव्ह.

"फिर आ गई?" ज्योतीने विचारलं.

"क्या करूँ दीदी, आता है, चला जाता है."

"आज बुखार है?"

"आज नहीं है. जिस दिन रहता है उस दिन तो उठा नहीं जाता, आऊँ कैसे?"

मी हे वहीत टिपलं. ज्योतीने थेंब घेतला आणि पुढच्याला बोलावलं. कार्ड पुन्हा निगेटिव्ह आलं. रुक्मणी जाताना मला म्हणाली, "मैडम, अख़बार में लिखना कि मालिक पैसे काटता है, बुखार नहीं मानता." मी म्हटलं, आता मी वर्तमानपत्रात नाही. ती म्हणाली, "तो फिर कॉपी में क्या लिख रही हो?"

दुपारी ज्योतीने स्लाइड रंगवल्या. लाल रंग, पाणी, निळा रंग, पाणी. वाळल्यावर एकटीने तेवीस स्लाइड वाचल्या. मधे दोनदा वीज गेली आणि तीनदा तिला पडवीत बोलावलं. संध्याकाळी लाकडी खोक्यात स्लाइड भरून आम्ही घरी आलो.

बुधवार, खिडकीशी

मी ज्यासाठी आले होते ते बुधवारी सकाळी साडेनऊला पाहिलं.

काका न्याहारीनंतर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसतात. घरातच असले तरी शर्ट लागतो. प्रत्येक स्लाइडवर तेलाचा एक थेंब, त्यात भिंग बुडवायचं. भिंगातून एका वेळी जेवढी गोल जागा दिसते तिला ते फील्ड म्हणतात. अशा शंभर जागा पाहिल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नाही. दर दहा फील्डनंतर एक चिंचोका वाटीतून टेबलावर. दहा चिंचोके बाहेर आले की स्लाइड संपली.

मी त्यांना एक-एक स्लाइड खोक्यातून काढून देत होते. दोन स्लाइडच्या खालच्या बाजूला मला शाईचा निळा ठिपका दिसला. मोहरीपेक्षा लहान. मला वाटलं, नंबर घालण्याची काही रीत असेल.

त्यातली पहिली त्यांनी लावली आणि मिनिटभरात म्हणाले, "या. पाहा."

मी डोळा लावला. फिकट निळसर पार्श्वभूमी, रंगाचे कण, पांढऱ्या पेशींचे जांभळे गोळे. आणि मध्यभागी एक बारीक निळी अंगठी, तिच्यावर लाल खडा बसवल्यासारखा ठिपका.

"हाच?"

"हाच जी. मच्छर चावताना हा आत येतो. पहिले लिव्हरमध्ये जाऊन बसतो. मग रक्तात येतो, लाल पेशीत घुसतो, आतून खातो, वाढतो, पेशी फोडून बाहेर. सगळे एका वेळेसच फोडतात, तेव्हा थंडी वाजून येते. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. म्हणून एक दिवसाआड. आमच्याकडे तिजारी म्हणतात."

"दिसायला सुंदर आहे."

"सुंदरच आहे," ते म्हणाले. "माझ्या लग्नात पण मी बायकोला पहिले हाच दाखवला होता. ती म्हणाली, अंगठी दाखवतो म्हणाले होते ना?"

एकतीस वर्षं ज्याच्याविषयी छापलं तो मी पंधरा मिनिटं पाहत राहिले. काकांनी घाई केली नाही.

रुक्मणीच्या स्लाइडवर ठिपका नव्हता. काकांनी ती शंभर फील्ड पाहिली. सहा मिनिटं लागली. दहा चिंचोके बाहेर आले. "निगेटिव्ह," ते म्हणाले आणि कागदावर लिहिलं. पाकीट दवाखान्यात पोचल्यावर दुपारी ज्योतीचा फोन आला की तेवीसही जुळल्या. डॉक्टरीणबाईंनी रुक्मणीला टायफॉइडची तपासणी लिहून दिली.

गुरुवार, ग्वारीघाट

काकांनी मला नर्मदा दाखवायला नेलं. जबलपूरला येऊन ग्वारीघाटावर गेलं नाही तर इथले लोक आलेलं धरत नाहीत. भेडाघाटचे संगमरवरी कडे मी एकटी दुसऱ्या वेळी पाहून आले. त्यांच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे.

वाटेत काकांनी मला बुजवलेल्या तळ्यांची नावं सांगितली. या शहरात बावन्न ताल होते असं म्हणतात. काही अजून आहेत, त्यांत शिंगाडे होतात. बाकीच्यांची नावं आता फक्त मोहल्ल्यांना आहेत. नाशिकला आम्ही पाणी कुठे गेलं याची चिंता करतो. काका पाणी कुठे साचलं याची करतात. पण साचलेल्या प्रत्येक पाण्याला ते दोष देत नाहीत. "मच्छर मच्छरात फरक आहे जी. गटारातला वेगळा. हिवतापाचा मच्छर साफ पाणी मागतो. बसतो पण रुबाबात, मागची बाजू वर करून."

घाटावर काका पायऱ्या मोजून उतरले. एका होडीशी उभ्या असलेल्या गृहस्थांना त्यांनी दोन्ही हात जोडून मोठ्याने नमस्कार केला. "क्यों तिवारीजी, आजकल दिखते नहीं!"

गृहस्थ गोंधळले. "अंकल, हम तो सतना से आए हैं."

"कोई बात नहीं," काका म्हणाले. "तिवारीजी मिलें तो बोल देना."

काकांनी होडी ठरवली. आम्ही मीठ लावलेले उकडलेले शिंगाडे खात होतो. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं, "उजेडात जास्त त्रास होतो. मायक्रोस्कोपमध्ये नाही होत."

मी काही विचारलं नव्हतं. दैनिकात असताना अशा न विचारलेल्या उत्तरांखाली मी रेघ ओढत असे.

शुक्रवार, सलवार-सूटचा कारखाना

रुक्मणीने "काम देखने आना" म्हटलं होतं म्हणून मी शुक्रवारी दुपारी तिच्या कारखान्यात गेले. वरच्या मजल्यावर दोन रांगांत बारा मशीन. मधे कापलेल्या कापडांचे ढीग, गुलाबी, मोरपंखी, लिंबाच्या रंगाचे. पंखे बंद, कारण वाऱ्याने तुकडे उडतात.

रुक्मणीचं मशीन रिकामं होतं. ती कोपऱ्यात कापडाच्या गठ्ठ्यांवर अंग मुडपून पडली होती. अंगावर न शिवलेल्या दुपट्ट्यांचा ढीग. तिचे दात वाजत होते आणि आवाज मशीनच्या आवाजातही ऐकू येत होता. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "घड़ी मिला लो मैडम. दो बजे चढ़ता है इसको."

"रोज?"

"रोज नहीं. परसों आया था. कल बढ़िया थी, मेरे डिब्बे की सब्ज़ी भी खा गई."

रुक्मणी दुपट्ट्यांखालून म्हणाली, "एक टुकड़ा खाया था."

मी वही काढली. सोमवारी ताप होता का? होता. मंगळवारी नव्हता, दवाखान्यात आली होती. बुधवारी होता. गुरुवारी नव्हता. आज आहे. पाच दिवस मी एका ओळीत लिहिले. तासाभराने तिची थंडी थांबली आणि अंग तापायला लागलं. तिने दुपट्टे एकेक करून बाजूला सारले आणि डाग लागू नये म्हणून घाम स्वतःच्या ओढणीने टिपला. मी ऑटो करून तिला तिच्या खोलीवर सोडलं आणि दीक्षितपुऱ्याला आले.

ज्योती कामावरून आली होती. काका शेंगा सोलत होते. मी वहीतली ओळ वाचून दाखवली.

काकांचे हात थांबले. "टाइम काय?"

"दोन वाजता. शेजारणीने सांगितलं घड्याळ लावून घ्या."

"तिजारी आहे. स्लाइड कुठे तिची?"

गेल्या पंधरा दिवसांच्या स्लाइड घरातच होत्या. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची वाट पाहिली नाही. बनियनवरच टेबलाशी बसले. शंभर फील्ड पाहिली. मग पुन्हा शंभर. कपाळ भिंगाला टेकलं होतं आणि मानेवर घाम होता. पाऊण तासाने ते मागे झाले.

"नाही दिसून राहिला. असायला पाहिजे, पण नाही दिसून राहिला."

मला मदत करायची होती. मी म्हटलं, "याच्यावर तो निळा ठिपका नाही ना. ठिपका असला की तुम्हाला लगेच सापडतं."

ज्योती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातली कणीक हातालाच लागून राहिली.

"बाबा," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"मला वाटलं तुम्ही रंगाचा डाग समजाल. तिथूनच सुरू कराल. मी किती बारीक लावत होती."

"बारीकच होता. पण काचेवर निळा डाग मला नाही समजणार का बेटा? हेच केलं ना जनमभर."

ज्योतीला जिथे परजीवी सापडत, तिथे ती काचेच्या पाठीवर ठिपका ठेवत होती. सासऱ्यांचा डोळा चुकू नये, त्यांचं टेबल जाऊ नये, म्हणून. सासरे ठिपक्याशी भिंग नेत होते, सापडलं की लिहीत होते आणि तिला कळू देत नव्हते. तिचा हिरमोड होऊ नये म्हणून, असं त्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं. मग म्हणाले, "आणि माझं टेबल जाऊ नये म्हणून पण."

"बाबा, एक पण चुकीचं नाही झालं आपलं. पूर्ण जुळलं आहे."

"जुळलंच असणार ना. दीड वर्षात दुसऱ्यांदा कोणी वाचलंच नाही."

ज्योती खाली बसली. कणीक लागलेल्या हातांनीच तिने तोंड झाकलं. काका उठले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "रडणं नंतर. पहिले हात धू. स्लाइड पाहा ती. शंभर नाही, सापडेपर्यंत."

ती बसली. मी चिंचोके सरकवण्याचं काम घेतलं. दहा झाले, पुन्हा वाटीत टाकले. काका तिच्यामागे भिंतीला टेकून उभे होते. एकशे चौसष्टाव्या फील्डला तिने हात वर केला. मग वळून न पाहता म्हणाली, "आहे बाबा. एकच आहे. दिसला."

मी पाहिलं. या वेळची अंगठी नव्हती. पेशी फुगलेली, आत वेडावाकडा निळा पसारा आणि एक लाल ठिपका. मग ज्योतीने रुक्मणीची आधीच्या वेळची स्लाइड लावली. तिच्यात एकशे तिसाव्याला सापडला.

काकांनी पाहायला मागितलं. बराच वेळ पाहिलं. "मला धुकं दिसून राहिलं," ते म्हणाले. घरातल्यांनी त्यांच्या तोंडून हे प्रथमच ऐकलं असावं, कारण ज्योतीने त्यांचा हात धरला.

शनिवार, पुन्हा कांचघर

सकाळी आम्ही तिघे दवाखान्यात गेलो. ज्योती वाटेत म्हणत होती, मी बोलते, चूक माझी आहे. काका म्हणाले, "तू चुप. नोकरी तुझी आहे."

डॉक्टरीणबाई तिशीच्या आहेत. काकांनी उभं राहूनच सगळं सांगितलं. ठिपका कोणी लावला ते सांगताना त्यांनी "आम्ही" म्हटलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी तीन गोष्टी केल्या. काकांचं नाव दुसऱ्या वाचकाच्या जागेवरून काढलं. ठेवणीत असलेल्या सर्व निगेटिव्ह स्लाइड दुसऱ्या प्रयोगशाळेत वाचायला पाठवायचं ठरवलं आणि त्यांतल्या ज्या रोग्यांचा ताप गेला नाही त्यांना परत बोलावण्याची यादी ज्योतीला करायला सांगितली. ज्योतीला लेखी ताकीद दिली. शेवटी म्हणाल्या, "वानखडेजी, आपने बताया, इसलिए लड़की की दवा आज शुरू हो रही है. पर बताना डेढ़ साल पहले था."

"जी," काका म्हणाले.

शनिवार रुक्मणीचा बरा दिवस होता. निरोप मिळताच ती आली. आधी गोळ्या सोसतील का याची एक रक्ततपासणी, मग गोळ्या. तीन दिवसांच्या वेगळ्या आणि चौदा दिवसांच्या वेगळ्या. ताप दोन-तीन दिवसांत जातो आणि लोक गोळ्या सोडतात. लिव्हरमध्ये लपलेले परजीवी मग काही महिन्यांनी परत येतात. ज्योतीने हे तिला दोनदा सांगितलं आणि एकदा तिच्याकडून म्हणवून घेतलं.

"अच्छा हुआ पकड़ा गया," रुक्मणी म्हणाली. "अब मालिक को काग़ज़ दिखाऊँगी."

काका पुढे आले. पडवीतल्या माणसांसमोर त्यांनी हात जोडले. "बेटा, तेरी काँच मैंने दो बार देखी. मुझे दिखता कम है. मैंने किसी को बताया नहीं. दस दिन का बुखार तुझे मेरी वजह से हुआ."

रुक्मणी अवघडली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "अंकल, शाम को सुई में धागा मेरे से भी नहीं जाता. बगलवाली से डलवाती हूँ." थोडा विचार करून तिने जोडलं, "पर बोल के डलवाती हूँ."

पडवीत दोघे-तिघे हसले. काकाही हसले, पण उशिरा.

दुपारी ज्योतीचा नवरा इटारसीहून आला. त्याला जेवताना सगळं सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "मतलब मुझे छोड़ के सबको पता था." संध्याकाळी त्याने काकांना राइट टाउनमध्ये डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. काकांनी जाताना इस्त्रीचा शर्ट घातला. पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळाली.

मी रविवारी निघाले. ज्योतीने खव्याची जलेबी बांधून दिली. काळी, जड, आमच्याकडे न मिळणारी. काका म्हणाले, "घरी जाऊन ताप आला तर तिकडेच बोट टोचून घ्या. इकडे आता वाचणारा नाही."

नाशिक, डिसेंबर

ऑपरेशन नीट झालं. रुक्मणीने चौदा दिवस पुरे केले. ऑपरेशनच्या आधी काका धुकं दिसणाऱ्या डोळ्यांनीच रोज संध्याकाळी तिच्या कारखान्यापर्यंत जात आणि गोळी गिळताना पाहून येत. तिला त्यानंतर ताप आलेला नाही. परत बोलावलेल्यांपैकी आणखी एका माणसाच्या स्लाइडमध्ये परजीवी सापडला, त्यालाही औषध सुरू झालं. हे सगळं ज्योतीने फोनवर सांगितलं होतं.

काल काकांचा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना परीक्षेला बसवलं होतं. दवाखान्यातच, बाईंच्या समोर. पंचवीस स्लाइड, नंबर झाकलेले, काचांच्या पाठी पुसलेल्या. त्याच स्लाइड आधी ज्योतीने वाचल्या होत्या.

"चोवीस जुळल्या," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला होता. "एक नाही जुळली. ती म्हणते निगेटिव्ह, मी म्हणतो आहे. कोपऱ्यात आहे, एकशे दहाव्याला, मी पाहिला आहे."

"मग बरोबर कोण?"

"स्लाइड तिसऱ्याकडे गेली आहे. सोमवारी समजेल."

मागून ज्योती ओरडली, "दीदी, तो रंगाचा कण आहे! मी चार वेळा पाहिला! बाबांना नवीन डोळ्याने सगळंच दिसून राहिलं!"

"पाहिलं का?" काका मला म्हणाले. "सासऱ्याला बोलून राहिली." मग रिसीव्हरपासून तोंड वळवून त्यांनी तिला दोन वाक्यं हिंदीत सुनावली, तिने तीन परत केली, आणि मी नाशिकला फोन धरून ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.